तांबडा उजवीकडं

मला एका गोष्टीचा लई राग येतो. जुन्या चित्रांतली गाढवं नेहमी झोपलेली असतात.

कुठली जुनी चित्रं, ते आधी सांगते. इंग्रजांच्या काळात युरोपातले गोरे चित्रकार पूर्वेकडच्या मुलखांत फिरायला यायचे आणि दिसेल ते रंगवून घेऊन जायचे. बाजार, वेशी, पखालीतून पाणी वाहणारे, उंट, गाढवं, बैलगाड्या. या चित्रांना ओरिएंटलिस्ट म्हणतात. माझ्याकडं त्यांचं एक जाडजूड पुस्तक आहे, जुन्या बाजारातल्या रद्दीवाल्याकडून आणलेलं, पाठ निखळलेलं. मी चित्रकलेची मास्तरीण. मुकुंदवाडीत राहते, तिथल्याच शाळेत शिकवते, आणि दरवर्षी नववीच्या वर्गात हे पुस्तक उघडून पोरांना चुका काढायला लावते.

चित्रं देखणी आहेत, खोटं कशाला बोलू. ऊन असं पडलंय की डोळे बारीक करावेत. कपड्याच्या चुण्यांना हात लावावासा वाटतो. पण गाढवाच्या पाठीवरचं ओझं बघा. असं बांधलंय की दहा पावलांत खाली येईल. गाडीला बैल जुंपलेत आणि जू मानेवर नुसतं ठेवलंय, शिवळांचा पत्ता नाही. आता शिवळ म्हणजे जूला खाली लावलेल्या काठ्या, ज्यांच्यामुळं बैलाची मान जागेवर राहते. त्या नसतील तर बैल सरळ निघून जाईल घरी! आणि माणसं? भर बाजारात पन्नास माणसं भिंतीला टेकून बसलीत. अरे, बाजार आहे की धर्मशाळा?

"साहेबाला जनावर दिसलं, त्याचं काम नाही दिसलं," हे माझं ठरलेलं वाक्य. वीस वर्षं म्हणत आलेय. मधल्या सुट्टीत पोरं माझी नक्कल करतात तेव्हाही हेच वाक्य म्हणतात, मला सगळं ऐकू येतं.

तर गेल्या वर्षी उन्हाळ्यात एका शेठचा फोन आला. दौलताबाद रोडला, पडेगावच्या पुढं, त्यांचं नवं हॉटेल होत होतं. दर्शनी हॉलसाठी मोठं चित्र हवं होतं, बारा फुटांचं. मी गेले तर शेठनी मोबाइल काढून माझ्यासमोर धरला. वाळवंट, तंबू, उंट आणि ते नेहमीचं झोपलेलं गाढव.

"मॅडम, ऐसाच होना. एकदम रॉयल."

"शेठ, आपल्याकडं उंट कुठं?"

"टाका ना एक. टुरिस्टला आवडतो."

उंटावरून अर्धा तास हुज्जत झाली. मी काही ऐकत नाही म्हटल्यावर शेठनी उंट सोडला, पण त्याच्या बदल्यात एक हुक्का ओढणारा म्हातारा गळ्यात मारला. असू दे म्हटलं, एवढं चालतं. ठरलं ते असं : शहरातला जुना भडकल दरवाजा, त्याच्यातून येणारी बैलगाडी, विटांची गाढवं, एक टांगा, आणि कोपऱ्यात तो हुक्केवाला. घरी येताना स्कूटीवर मी गाणं म्हणत होते. आता दाखवते म्हटलं साहेबाला, कामाचं जनावर कसं काढतात ते.

गाढवं मला रेल्वे स्टेशनामागंच सापडली. तिथं एका गल्लीत ट्रक शिरत नव्हता, म्हणून घराच्या बांधकामाला विटा गाढवांवरून जात होत्या. मी वही घेऊन रोज सकाळी शाळेच्या आधी तासभर दगडावर बसायला लागले. दोन दिवस गाढववाले काका काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जवळ आले.

"क्या बाई, इनका आधार कार्ड निकालरे क्या?"

मी वही दाखवली. त्यांनी ती वही उलटीसुलटी करून बघितली आणि म्हणाले, विटा दोन्ही अंगांना सारख्या दाखव, नाही तर जनावराची पाठ सोलते. मग त्यांनी एक गाढव खास माझ्यासाठी उभं करून ठेवलं. ते दोन मिनिटं उभं राहिलं आणि माझ्या वहीचा कोपरा खाऊन चालतं झालं.

बैलांसाठी मात्र मला कुठं शोधायला जायचं नव्हतं. माहेर पिशोरचं. अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, जोडी घरीच होती. एक तांबडा, कपाळावर चांदणीएवढा पांढरा ठिपका असलेला. दुसरा पांढरा, एका शिंगाचं टोक तुटलेलं. त्यांची नावं ठेवायच्या भानगडीत अण्णा कधी पडले नाहीत. तांबड्या म्हटलं की तांबडा बघायचा, पांढऱ्या म्हटलं की पांढरा. नऊ वर्षं दोघं एकाच जूखाली.

मी फोनवर सांगितलं, बैल काढायला येतेय.

"ये," अण्णा म्हणाले. "पण पोळ्याच्या आत ये. पोळ्यानंतर नसत्याल."

धाकट्या भावानं ट्रॅक्टर घेतला होता. त्यात वाईट काही नव्हतं. दोन दिवसांचं काम दोन तासांत व्हायला लागलं होतं, आणि अण्णांचे गुडघेही आता औतामागं चालायचे राहिले नव्हते. अण्णा स्वतःच म्हणाले होते की उगं दावणीला बांधून ठेवण्यापेक्षा कामाच्या माणसाला देऊ. एवढं बोलून त्यांनी तो विषय मिटवला होता. आमच्या घरात मिटवलेला विषय कुणी उकरत नाही.

पिशोरला मी तीन दिवस राहिले. बैल हे मॉडेल म्हणून भयंकर. तांबड्याला माशी बसली की तो सगळं अंग थरथरवतो, आणि पांढरा माझ्याकडं पाठ करून उभा राहायचा ते राहायचाच. शेवटी अण्णांनी गाडी जुंपली आणि दारापुढं फेऱ्या मारायला लागले. मी ओट्यावर बसून रेघा ओढत होते. गाडी डावीकडून उजवीकडं जायची, वळून यायची, पुन्हा जायची. जाताना माझ्या बाजूला तांबडा असायचा, म्हणून मी तीच बाजू धरली. आमची आई आतून ओरडली, "दोघं बापलेक येडे झालेत, बैलांना तरी दम घेऊ द्या!"

संध्याकाळी अण्णा शेजारी येऊन बसले. वही बघितली. बराच वेळ बघितली.

"बाई, असत्याल तसेच काढ बरं का. उगं सजवू नको. शिंगाचं टोक तुटलंय ते तुटलेलंच दाखव."

"तसंच दाखवणार, अण्णा."

"त्या फोनमधले फोटो मला काही सापडत नाय. ह्यापुढं मला बघू वाटले तर त्या भिंतीपाशीच यावं लागंल. म्हणून म्हणतो. असत्याल तसे."

मी हो म्हटलं. शपथ वगैरे घेतली नाही, पण घेतल्यासारखीच होती.

शहरात आल्यावर मी चित्र मोठं करून बारा फुटी ट्रेसिंग पेपरवर उतरवलं. हॉलमध्ये कॅनव्हासची चौकट भिंतीला टेकवून ठेवली होती. कागद त्यावर लावला आणि शेठना बोलावलं. शेठ आले, चार पावलं मागं गेले, आणि त्यांचा चेहराच पडला.

"मॅडम, ये तो बाहर जारे!"

खरंच की. हॉलचं मोठं काचेचं दार उजवीकडं होतं, आणि माझी बैलगाडी सरळ त्या दाराकडं निघाली होती.

"लक्ष्मी बाहेर चालली ना हो! वास्तूवाले मला उभं कापतील. बैल आत यायला पाहिजेत, आत."

डोक्यात तिडीक गेली, पण म्हटलं, यात काय अवघड आहे? कागद पारदर्शक. उलटा केला की झालं. दरवाजा दोन्हीकडून सारखाच. गाढवांचं तोंड कुठंही केलं तरी त्यांची तक्रार नाही. हुक्केवाला डावखुरा झाला, होऊ दे. मी कागद पालटला, मागून कोळसा घासला, रेघा उतरवल्या. बैल आत यायला लागले आणि शेठ खूश झाले. मी पण स्वतःवर खूश. एवढा मोठा ताप दहा मिनिटांत मिटवला, अशा तोऱ्यात मी चहा घेतला.

मग रंगवायला बसले. शाळा सुटली की तडक पडेगाव. तांबड्याचा तांबडा जमवायला मला चार दिवस लागले, कारण तो नुसता तांबडा नाही, मानेखाली जांभळट आहे. जूला शिवळा काढल्या. कासरा, म्हणजे हाकायची दोरी, बरोबर ताणलेली काढली. विटा दोन्ही अंगांना सारख्या. हॉटेलात फरशी बसवणारे लोक जेवणाच्या सुट्टीत समोर येऊन बसायचे आणि कुठला बैल जास्त मस्तीचा यावर वाद घालायचे. यापेक्षा मोठं बक्षीस मला नको होतं.

पोळा झाला. त्याच्या आठवड्याभरानं भावाचा फोन आला. जोडी गेली. कन्नडकडचा एक शेतकरी होता, माणूस चांगला, कोरडवाहू डोंगराची जमीन, तिथं ट्रॅक्टर चढत नाही. आमच्या घरी बैल विकला तरी दावं देत नाहीत, घेणाऱ्यानं आपलं आणायचं. अण्णांनी दोघांच्या गळ्यातली दावी सोडून घेतली, खांद्यावर टाकली आणि काही न बोलता घरात गेले. टेम्पो निघाला तरी बाहेर आले नाहीत.

मी फोन ठेवला आणि थेट हॉटेल गाठलं. त्या दिवशी मी पांढऱ्याचं तुटलेलं शिंग रंगवलं. रडत रंगवलं, सांगायला लाज कसली.

दसऱ्याला हॉटेलचं उद्घाटन होतं. त्याच्या तीन दिवस आधी अण्णा एसटीनं आले. मी त्यांना स्टँडवरून स्कूटीवर घेतलं. धुतलेली टोपी, इस्त्रीचा सदरा, आणि काखेत कापडी पिशवी. हॉलच्या दारात त्यांनी चपला काढल्या. मी म्हटलं राहू द्या, तर म्हणाले, "फरशी नवी हाय."

आधी त्यांनी लांबून बघितलं. दरवाजा बघितला. गाढवांपाशी आले आणि मान हलवली. "विटा बराबर बसल्यात." हुक्केवाल्याला बघून म्हणाले, "ह्यो कोण रिकामटेकडा?" मी हसले. मग ते बैलांसमोर जाऊन उभे राहिले.

ते एकदा डावीकडं सरकले, एकदा उजवीकडं. कपाळावरचा ठिपका बघितला, शिंगाचं टोक बघितलं. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. वाहवा ऐकायला आतुर झाले होते, काय लपवू.

"ह्यांना जुंपलं कुणी?" अण्णा म्हणाले.

"म्हणजे?"

"तांबडा डावीकडं कुणी घातला?"

मला आधी कळलंच नाही. मग मी चित्राकडं वळून बघितलं आणि कळलं. मी शेतकऱ्याच्या घरात वाढले. वासराला पहिल्यांदा ज्या बाजूला जुंपतात ती त्याची जन्माची बाजू होते, हे मला अक्षरं यायच्या आधीपासून ठाऊक आहे. तांबडा उजवा, पांढरा डावा. नऊ वर्षं. कागद पालटला तेव्हा दोघांच्या जागा पालटल्या, आणि मी दोन महिने त्यांच्यासमोर बसून त्यांच्या पापण्या रंगवल्या, पण एवढं मला दिसलं नाही. वीस वर्षं त्या गोऱ्या साहेबाला नावं ठेवली, आणि घरच्या बैलांशी मी तेच केलं. कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं.

मी वास्तू, दार, लक्ष्मी असं काहीतरी बडबडायला लागले. अण्णा ऐकतच नव्हते. ते मागं झाले आणि रंगाच्या पालथ्या बादलीवर बसले.

"तुला काय बोलू," ते म्हणाले. "मीबी सांगितलं नाय."

"कुणाला?"

"त्या घेणाऱ्याला. कोण कुठल्या अंगाचा ते सांगितलंच नाय. दावी सोडली अन् आत गेलो. म्हटलं तोंड उघडलं तर रडू यील. चार माणसांत कसं रडायचं? अन् नंतर ध्यानात आलं तर टेम्पो गेलेला." त्यांनी चित्राकडं हात केला. "रोज डोळ्यांपुढं हेच येतंय बघ. उलटा जुंपलेला. उलटा जुंपला की तांबडा वढत नाय. वढला नाय की मार खाणार. आपल्या चुकीपायी."

महिना झाला होता विकून. महिनाभर हा माणूस हे एकट्यानं पोटात घेऊन जेवत होता, झोपत होता, आणि घरात कुणाला पत्ता नाही. मला त्यांचा इतका राग आला आणि इतकी माया आली की दोन्ही एकदमच.

"अहो मग फोन का नाही केला?"

"विकल्यावर काय फोन करायचा? म्हातारा अजून हक्क सांगतोय म्हंत्याल."

मी भावाकडून नंबर घेतला आणि तिथंच फोन लावला. स्पीकरवर टाकून अण्णांच्या हातात दिला. पलीकडं त्या शेतकऱ्यानं उचलला. अण्णा म्हणाले, पिशोरचा बोलतोय, जोडी दिली तो. मग गाडी अडली. शेवटी एका दमात बोलले, "तांबडा उजव्या अंगाचा हाय. सांगायचं राहिलं."

पलीकडून तो माणूस मोठ्यानं हसला.

"आवं काका, पहिल्या दिशी मी उलटंच जुंपलं की! तांबडा जागचा हलंना. म्हटलं दुखणं आलं का काय. सोडलं, पाणी दाखवलं, पुन्हा जू उचललं, तर भाद्दर आपल्या पायानं पल्याड जाऊन मान वाकवून उभा. त्याच्या मागं पांढराबी आपल्या जागंवर आला. मी नुसता बघत राहिलो. लई गुणाची जोडी हाय काका तुमची."

अण्णांनी फोन तोंडाजवळ धरला. मग एकदम बोलायलाच लागले. पांढऱ्याला औत सोडल्याशिवाय पेंड दाखवू नको, आधी दाखवली तर चालत नाय. तांबड्याच्या उजव्या खुराला पावसाळ्यात जप. त्याला मागून हाक मार, पुढून ओढू नको. दहा मिनिटं चाललं. तो माणूस व्हय काका, व्हय काका म्हणत सगळं ऐकत होता. फरशीवाले काम थांबवून ऐकत होते.

फोन ठेवून अण्णांनी टोपी काढली आणि तिनंच डोळे पुसले. मग हसले.

"जनावरानं न सांगता बाजू धरली. अन् तू मास्तरीण असून चुकलीस."

"चुकले," मी म्हटलं. "मार खाते."

"मार नको खाऊ. नीट जुंप."

तीन दिवस होते. शाळेत रजा टाकली. अ‍ॅक्रिलिक रंग लवकर वाळतो, त्यावर दुसरा चढवता येतो, नाही तर मी गेलेच होते. पुढचा, म्हणजे बघणाऱ्याच्या बाजूचा बैल पांढरा करायचा आणि त्याच्या पलीकडचा तांबडा. नुसता रंग बदलून भागत नव्हतं, तांबडा वशिंडाला उंच, पांढरा लांबीला जास्त. अण्णा माझ्याकडंच मुक्कामाला राहिले. सकाळी माझ्यामागं स्कूटीवर बसायचे आणि दिवसभर त्या बादलीवर बसून हुकूम सोडायचे. "मान खाली घे. आणखी. तो एवढा ताठ कधी चालला? लाज वाटंल त्याला." मी हात टेकले, पण काढत राहिले. माझ्या सगळ्या आयुष्यात अण्णा माझ्या चित्राशेजारी एवढा वेळ बसले नव्हते.

दुसऱ्या दिवशी शेठ आले आणि केवढ्यानं दचकले. "मॅडम, बैल बदली हो गए!"

"तेच बैल हायती," अण्णा बादलीवरून म्हणाले. "आधी चुकीचे जुंपले होते."

शेठ अण्णांकडं बघत राहिले, मग चित्राकडं. पांढरा पुढं आल्यामुळं उजेड फाकला होता, ते त्यांनाही दिसलं. "अच्छा है," म्हणाले, आणि अण्णांसाठी चहा सांगून गेले.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी ब्रश खाली ठेवला. अण्णा उठले. चित्राच्या अगदी जवळ गेले. बोट लावलं नाही, पण लावण्याइतके जवळ.

"आता बराबर," म्हणाले. मग माझ्याकडं न बघता विचारलं, "हे तरी इथंच राहत्याल ना? का हेबी विकलंय?"

खोटं बोलता आलं असतं. पण त्यांच्याशी मला येत नाही.

"विकलंय, अण्णा. शेठचं आहे आता. उद्या हॉटेल विकलं तर भिंतीवरचं सगळं त्याच्याबरोबर जाईल."

अण्णांनी नुसती मान हलवली.

मी फरशीवाल्यांना हाक मारली. चौघांनी मिळून चौकट भिंतीपासून पुढं ओढली. मी कोळसा घेऊन मागं शिरले आणि कोऱ्या कापडावर वीतभर अक्षरांत लिहिलं : तांबडा उजवीकडं, पांढरा डावीकडं. कुणीही घ्या, बाजू बदलू नका.

मग अण्णांना आत बोलावलं. ते दुसरी शिकलेले. अंधारात डोळे बारीक करून, एकेका अक्षराखाली बोट फिरवत त्यांनी ते वाचलं. दोनदा वाचलं.

"बरं झालं," अण्णा म्हणाले. "ह्या बारीला सांगून दिले."